प्रेताची पगारचिठ्ठी

ट्विला व्होंद्राचेक माझ्या दारात आली ती आजोबांचा निळा पिकअप, दोन पेट्या आणि खसखस भरलेल्या कोलाच्यांचा, म्हणजे तिच्याकडच्या गोड पावांचा, डबा घेऊन. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता.

"मिस कॉरी, वरची खोली द्याल? मला वर्षभरात मॉन्टानाची व्हायचंय."

बेचाळीस वर्षं मी रंगमंचावर राण्या, विधवा आणि विष घालणाऱ्या सासवा केल्या. पण पहिल्याच वाक्यात सगळं नाटक सांगून टाकणारी नटी पाहिली नव्हती. खोली दिली.

मुलगी एकोणीस वर्षांची, नेब्रास्काच्या सपाट मक्यात वाढलेली. वेड कशाचं, तर डोंगरावरून बर्फ का कोसळतो याचं! ते शिकवणारं सरकारी विद्यापीठ आमच्याकडे. प्रवेशही मिळालेला. पण परराज्यातल्या मुलांना फी जवळजवळ तिप्पट, आणि मदतीच्या पत्रात अनुदान दोन हजार डॉलर, बाकी नुसतं कर्ज. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. मग ट्विलाने ठरवलं, एक वर्ष थांबायचं, इथे राहून स्वतःच्या कमाईवर जगायचं आणि बारा महिने भरले की इथलीच म्हणून फी भरायची.

ती आली त्याच आठवड्यात आमच्या नाटक मंडळीचं उन्हाळ्यातलं शेवटचं नाटक होतं. प्रेत होणारा दंतवैद्य ऐन वेळी मासे धरायला पळाला. मी ट्विलाला विचारलं, "चार संध्याकाळ मरशील?"

"जेवण मिळेल?"

चाळीस मिनिटं ती कोचावर पडून राहायची. तिसऱ्या दिवशी नाकावर माशी बसली, तरी पोरगी हलली नाही. मी विंगेत उभी राहून डोळे पुसले. अशी शिस्त आता कुठे राहिली आहे!

आमचा खजिनदार ऑर्व्हिल स्टँग, निवृत्त पोस्टमास्तर. मोठमोठ्या नटांनी शिव्या दिल्या तरी पगारचिठ्ठीशिवाय पैसे द्यायचा नाही. ट्विलाच्या चार संध्याकाळच्या चाळीस डॉलरमधून त्याने राज्याचा कर पंच्याऐंशी सेंट कापला.

"मेलेल्यावर पण कर?" ट्विला म्हणाली.

"आमच्याकडे भेदभाव नाही, बाळ," ऑर्व्हिल म्हणाला.

सप्टेंबरपासून ती हायवेवरच्या खानावळीत 'पाय', म्हणजे फळं भरलेल्या गोड पोळ्या, भाजू लागली. डोंगरातल्या जांभळ्या हकलबेरी घातलेल्या तिच्या 'पाय'साठी ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. एक गोष्ट मात्र ती टाळत राहिली. पिकअपची नंबरपाटी. आजोबांची पाटी, तिच्या जिल्ह्याच्या बावीस आकड्याने सुरू होणारी. "बावीस दिसलं की आमच्याकडचा माणूस परक्या रस्त्यावरसुद्धा हात करतो, मिस कॉरी. ती काढली की मला कोण ओळखणार?" ऑक्टोबर संपता संपता तिने ती काढली, उशाशी ठेवली, आणि गाडीचा परवाना इथला करून घेतला.

पुढच्या वर्षी जुलैत विद्यापीठाचं पत्र आलं, बारा महिने भरत नाहीत. ती इथे राहायला आली हे दाखवणारा ऑगस्टमधला कागद हवा होता. परवाना ऑक्टोबरचा, खानावळ सप्टेंबरची. आणि भाडं? ते मी कोलाचे खात रोखीने घेतलेलं, पावती एकदाही दिली नाही.

ट्विला पायरीवर बसली. "आणखी एक वर्ष 'पाय' भाजायचे. चालेल," म्हणाली. पण आवाज कोसळलेला. मला आवाज कळतो.

तिच्या शेजारी बसून मी ऑगस्टचा एकेक दिवस आठवला, आणि उठले. ऑर्व्हिलच्या घरी धडकले.

"प्रेताची चिठ्ठी!"

"नक्कल ना? आहे. इतकी वर्षं मला कवडीचुंबक म्हणत होतीस तू."

"म्हणत होते. आता तुझ्या पाया पडते."

"गुडघ्यांना झेपेल का?" असं म्हणत त्याने बुटांच्या खोक्यातून कागद काढला. तारीख, अठरा ऑगस्ट.

दुसऱ्या दिवशी मी जांभळी टोपी घालून ट्विलासोबत विद्यापीठाच्या कचेरीत गेले. चष्मेवाल्या बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"काम: प्रेत. म्हणजे त्या वेळी तुम्ही आमच्या राज्यात मेलेल्या होतात?"

"हो बाई," ट्विला म्हणाली, "पण कर भरून."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. मग खांदे हलायला लागले. शिक्का मारताना त्या म्हणाल्या, "एवढं करून कुणी परकं राहत नाही."

बाहेर येऊन ट्विलाने आईला फोन लावला. बोलण्यापेक्षा रडणंच जास्त.

ऑगस्टच्या शेवटी ती वसतिगृहात गेली. त्याआधी आमच्या मेकअपच्या खोलीत, आरशाच्या वर, तिने स्वतःच्या हाताने बावीस आकड्याची पाटी ठोकली. रोज आत शिरताना मी तिला हात करते.