शांतव्वाचा डंक आणि माझं नाक

शांतव्वाला वाचता येत होतं, पण वाचायची गरज वाटत नसे. "छापल्यालं सगळं कुठं खरं असतंय, बाई," असं म्हणून ती वर्तमानपत्रावर लसूण सोलत बसायची. ती मूळची गडहिंग्लजकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा भावाच्या दारात जाऊन बसण्यापेक्षा तिनं आमच्या गल्लीच्या तोंडाशी डंक टाकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डंक म्हणजे मिरची-मसाला कुटणारी, विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. उन्हाळ्यात अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करून ठेवतं, तेव्हा त्या मुसळांना दिवसभर उसंत नसते.

मी चौतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. सर्वांत जास्त मुलं नापास झाली ती व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये. दोष मुलांचाच, असं मी शांतव्वाची ओळख होईपर्यंत समजत होते.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये गल्लीला शिंका लागल्या. तालमीचे अध्यक्ष बाळासो (आवाज मोठा, काम बेताचं) यांनी जाहीर केलं की हा ठसका डंकाचाच, तेव्हा डंक गल्लीतून हलवायचा. ते तशा अर्जावर सह्या गोळा करायला लागले. रविवारी तालमीत बैठक ठरली.

शुक्रवारी दुपारी शांतव्वा माझ्याकडे आली. हातात एक लाल पोतं आणि एक पांढरं फडकं.

"बाई, हे पोतं दाराच्या आतनं लावलं, हे फडकं भाईरनं. तीन दिवस झालं. पोतं लाल झालं, फडकं जसंच्या तसं हाय. म्हंजे माझ्या दारातनं काय निघत न्हाय."

"खिडकीतून निघत असेल."

"खिडकीलाबी तसंच लावलंय. मला काय येडी समजता व्हय?"

एखाद्या जागेभोवती कुंपण कल्पायचं. आत येतं त्यापेक्षा बाहेर जास्त जात असेल, तर आत उगम आहे. याला डायव्हर्जन्स म्हणतात आणि तो समजावायला मी दोन तास घेत असे. हिनं एका फडक्यात उरकला.

"मग निघतंय कुठनं त्ये हुडकू. चला."

"मी कशाला?"

"वीस वर्षं मिरचीत काढली. माझं नाक मेलंय की. तुमचं जित्तं हाय."

तर अशा रीतीनं एक निवृत्त प्राध्यापिका भर उन्हात तालमीमागच्या मैदानात यंत्र म्हणून उभी राहिली. शांतव्वानं घड्याळ धरलं. मिनिटाला तीन शिंका. मग तिनं मला पाच पावलं पूर्वेला नेलं. चार. परत जागेवर आणलं, पाच पावलं उत्तरेला नेलं. सात. पुन्हा जागेवर आणून तिनं माझं कोपर धरलं आणि तिरपं ओढलं, उत्तरेकडे जास्त, पूर्वेकडे जरासंच.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"उगवतीला एक वाढली, वरच्या अंगाला चार. मग चार वाटं वर आनि एक वाटा उगवतीला. ह्यात शिकवायचं काय हाय?"

एक दिशा गोठवून दुसरीकडे किती वाढ होते ते बघायचं, हे पार्शल डेरिव्हेटिव्ह. दोन्ही जोडून जो बाण होतो तो ग्रेडियंट. तो सर्वांत खड्या चढाकडे बोट दाखवतो. चौतीस वर्षं. मी रुमाल शोधला, तो नाकासाठीच.

तालमीच्या कोपऱ्यात मला लागोपाठ अकरा शिंका आल्या. पालापाचोळा तिथं गरगरत होता. "इथंच आहे," मी म्हणाले. शांतव्वानं मिरचीचं एक देठ त्यात टाकलं. ते जागच्या जागी स्वतःभोवती फिरत राहिलं.

"हितं नुस्तं घुमतंय, बाई. घुमणारं निराळं, निघणारं निराळं."

घुमणं म्हणजे कर्ल, निघणं म्हणजे डायव्हर्जन्स. परीक्षेत निम्मा वर्ग एकाच्या जागी दुसरं लिहितो. मी तिच्यामागे गेले.

पुढे बाण सरळ बाळासोंच्या परसात गेला. न्हाणीमागे कढईत मिरच्या परतत, मांडीशी खलबत्ता घेऊन बसल्या होत्या बाळासोंच्या आई, आक्का. वय ऐंशी. अल्सरमुळे तिखट बंद, चटणीची बरणी बाळासोंच्या कपाटात कुलपात. पोरगा घराबाहेर पडला की आक्का कामाला लागत.

"शिंकायचं असंल तर लांब जावा," आक्का म्हणाल्या. "ऐकू जातंय."

शांतव्वा वाकून खलात बघत होती. "आक्का, लसूण कच्चा ऱ्हायलाय. आनि मिरची करपलीया."

"तुझ्या डंकापरास बरी हाय."

"असंल. पर तुमच्या करपटीपायी माझा डंक उठायला लागलाय."

आक्का बराच वेळ उलथनं हलवत राहिल्या. "पोराला सांगणार तू?"

"मी कशाला सांगू? पर मी गेल्यावर तुमास्नी चांगली चटणी कोन कुटून देणार?"

रविवारी बाळासोंनी अर्ज मोठ्यानं वाचला. मी नकाशा काढून आणला होता, बाणांसकट. उठायला गेले तर शांतव्वानं पदर धरून बसवलं.

"म्हातारीचं नाव काढायचं न्हाय," ती पुटपुटली आणि मोठ्यानं म्हणाली, "अध्यक्ष, सगळ्या घरांच्या सह्या हायत नव्हं? तुमच्या आईंची कुठाय?"

बाळासोंनी आईला बोलावणं धाडलं. आक्का आल्या, अर्जाकडे बघितलं, पेन बाळासोंच्या खिशात परत खोचलं.

"मी करणार न्हाय."

"का, आई?"

"माझी मर्जी."

गणपतराव, तालमीतले सर्वांत जुने पैलवान, हसून म्हणाले, "बाळासो, घरातली सही मिळंना, आनि आमची मागतायसा व्हय?" सगळे हसले. बाळासोंनी अर्जाची घडी घातली. डंक राहिला.

आक्कांची अर्धा किलो चटणी सोमवारी डंकावर कुटली गेली, माझ्या नावानं. बरणी माझ्याच फडताळात. आक्का रोज अकराला येत, त्या दुपारची शिंकांची आणि देठाची गोष्ट माझ्याकडून ऐकत, भाकरीबरोबर एक चिमूट खात. जास्त मी देत नसे. अल्सर मलाही कळतो. घरी त्यांनी सांगितलं होतं की गणित शिकायला जाते.

बाळासोंना याचं फार कौतुक. एकदा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "आई, आजवर शिकलीस तरी काय?"

आक्कांनी ओठ पुसले.

"घुमणारं निराळं, निघणारं निराळं," त्या म्हणाल्या.

मी पूर्ण मार्क दिले.