बटण वैनी

आमच्या वैनीला सगळा कारखाना बटण वैनी म्हणायचा. तानूबाई हे नाव मतदान कार्डावर तेवढं. माझ्या थोरल्या भावाची, अण्णासोची बायको. तिला जाऊन चार म्हैनं झालं. लोक भेटाय येत्यात आणि म्हणत्यात, लई कष्टाळू हुती, मायाळू हुती. हुतीच की. पण ती कशी हुती ते कळायचं असलं तर तिच्या लेकीच्या, दीक्षाच्या लग्नाआधीचं आठ दिवस सांगाय पायजेत. ते मी डोळ्यांनी बघितल्यात. शाळा माझी पाचवीपातूर, टेम्पो चालवून पोट भरलं, तवा जसं बोलतो तसंच लिवतो.

पैलं बटणाचं सांगतो. इचलकरंजीत एकाच कारखान्यात वैनीनं अठ्ठावीस वर्षं कांड्या भरल्या. मागाच्या धोट्यात सुताची नळी बसवत्यात, ती कांडी. शेडात लाईट गेली की सगळी यंत्रं थांबत्यात, पर बटण चालू राहिलं तर लाईट आल्या आल्या यंत्र आपलं आपण सुरू होतंय. १९९३ साली तसंच झालं. लाईट गेलेली. वैनीच्या शेजारची बयाबाई मशीनमधी अडकलेला धागा काढत हुती. लाईट आली आणि तिची दोन बोटं गेली. वैनीनंच पदरात गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं.

त्या दिवसापासनं लाईट गेली की वैनी जाग्यावरनं उठायची आणि शेडच्या ह्या टोकापासनं त्या टोकापातूर सगळी बटणं बंद करत जायची. माग कुणाचाबी असू दे. एकदा मालकाच्या खोलीतला पंखा पण बंद केला.

मालक म्हणला, "तानूबाई, माझा पंखा काय बोटं तोडतोय व्हय?"

"तोडल्यावर बलवा मग मला," म्हणली.

घरात पण तेच. टीव्ही, मिक्सर, फ्रीज, सगळं. आमी हसायचो. पर पंधरा वर्षांत त्या कारखान्यात परत कुणाचं बोट गेलं न्हाय, हे पण खरं.

आता अण्णासोचं. माझा भाऊ मागावर काम करायचा आणि आमच्या समाजातली लग्नं लावायचा. वंदना, त्रिसरण, पंचशील तो म्हणायचा आणि मांडव पाठीमागनं म्हणायचा. आवाज असा की माईक नसला तरी चालायचं. दीक्षा ल्हान असताना म्हणायचा, "माझ्या पोरीचं लगीन मीच लावणार. दुसरा कुणी बलवला तर मी जेवाय बसणार न्हाय." दोन हजार दोन साली तो गेला. दीक्षा तवा चौदा वर्षांची.

त्याच्या आवाजाची एक कॅसेट हुती. अठ्ठ्याण्णव साली गल्लीतल्या लग्नात कुणीतरी टेप लावून भरलेली. पाच सालच्या पुरात इचलकरंजीतलं आमचं नदीकडचं घर बुडालं, कॅसेट पण भिजली. वैनीनं ती वाळवली. तिचा पोरगा प्रसेनजीत पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत लागलेला. त्यानं ती कशीबशी एकदा वाजवून कंप्यूटरमधी घेतली, आणि त्या एकदाच्या वाजण्यात पट्टी तुटून गेली. मग कबनूरला नवं घर झाल्यावर त्यानं एक काळा डबा आणून बसवला. आत दोन डिस्का. घरातलं फोटो, लग्नाच्या शूटिंगा, बापाचा आवाज, सगळं त्यात, दुसरीकडं कुठं न्हाय. वायर जोडली की घरातल्या कंप्यूटरवर दिसायचं. डब्याला बॅटरीचा एक खोका पण दिला. सांगून गेला, "आई, लाईट गेली तर डबा बॅटरीवर ऱ्हातोय, आणि बॅटरी संपाय आली की आपला आपण नीट बंद होतोय. तू हात लावू नको."

डबा आधी कवातरी लावायचा. दोन हजार आठच्या मे म्हैन्यात दीक्षाचं लगीन ठरलं, मुरगूडचं स्थळ. दीक्षा फोटो बघत बसायची म्हणून मार्चपासनं डबा रातंदिस चालू. वैनीनं ठरवलंच हुतं, लगीन अण्णासोच लावणार. मांडवात त्याचाच आवाज लावायचा.

लग्नाला आठ दिवस ऱ्हायलं आणि डबा उघडंना.

मी गेलो तर दीक्षा कंप्यूटरम्होरं रडवेली. डब्यावर नेहमी हिरवा दिवा असायचा, तो नारिंगी झालेला आणि उघडझाप करत हुता. वैनी म्हणली, "भावजी, बसा. च्या नंतर. आदी हे बघाय पायजे."

प्रसेनजीतला फोन लावला. तो सांगंल तसं वैनी एकेक करत गेली. राऊटरवरचं दिवं बघितलं, लागल्यालं. डब्याची वायर काढून कंप्यूटरची वायर त्याला लावली, तरी तेच. म्हंजे वायर चांगली. दीक्षानं डब्याचा नंबर कंप्यूटरमधी टाकला, पान उघडलं न्हाय. मी म्हणलो, सगळंच काढून परत जोडूया.

वैनी म्हणली, "तसं करू नगा. धागा तुटला की सगळा माग खोलत न्हाईत. हातानं धरून धरून जायाचं, जितं हाताला लागत न्हाय तितं तुटलाय."

प्रसेनजीत म्हणला, "आई, दिवा नारिंगी लुकलुकतोय म्हंजे डबा आतनं सगळं तपासतोय. अचानक बंद पडला असंल. तपासून झाल्याबिगर दार उघडत न्हाय. बारा तेरा तास लागतील, थांब."

थांबलो. दुसऱ्या दिवशी नारिंगी. तिसऱ्या दिवशी नारिंगी. प्रसेनजीतला रजा लग्नाच्या आदल्या दिवसापासनं, त्याआधी साहेब सोडंना.

मी इचलकरंजीतनं एक कंप्यूटरवाला आणला. त्यानं दोन मिनिटं बघितलं, म्हणला, "मावशी, फॉरमॅट मारतो. तासात नवा होतोय बघा."

"आतलं?"

"आतलं जाणार की."

"मग ऱ्हाऊ दे. नवा डबा मला नगोच हाय." त्याला च्या पाजला आणि वाटं लावला.

मी म्हणलो, "वैनी, चार दिस झालं. आपल्या समाजात लगीन लावणारी माणसं काय कमी हायत? दुसऱ्याला सांगून ठेवूया."

वैनी म्हणली, "सांगून ठेवा. पर मी न्हाय सोडणार."

पाचव्या दिवशी तिनं काय केलं, तर कॅलेंडर काढून डब्याम्होरं बसली. दिवा कधी बंद झाला, कधी लागला, पेन्सिलीनं रेघा मारत. भारनियमन हुतं तवा, सकाळी तीन तास, सांजचं तीन तास. मी सांजचं गेलो तर लाईट नुकतीच गेलेली. बॅटरीचा खोका पीं पीं करत हुता आणि वैनी भिंतीजवळ उभी, हात बटणावर. बटण बंद. डबा गप.

ती हलंना. मला वाटलं शॉक बसला.

"भावजी," म्हणली, "हे मीच केलंय."

"काय?"

"लाईट गेली आणि मी बटण दाबलं. सकाळी पण दाबलं. काल पण. मार्चपासनं रोज दोनदा दाबतोय की मी, लाईट आली की परत चालू करतोय. मला कळतच न्हाय मी दाबतोय ते." आमच्यात बायका असंच बोलत्यात, येतो, जातो, दाबतो. "प्रसेनजीत सांगून गेलता हात लावू नको म्हणून. मला वाटलं, आपलं आपण बंद होणारं यंत्र कुठं असतंय का. मी खोक्याच्या आणि डब्याच्या मधलं बटण बंद करतोय, म्हंजे बॅटरी असून नसल्यागत. डबा तपासाय बसतोय, बारा तास लागत्यात, आणि तपासून पुरं व्हायच्या आत मी त्याची मान मुरगाळतोय."

प्रसेनजीतला फोन लावून सांगितलं. तो म्हणला, "आई, आता परत असा झटका बसू देऊ नको. दोन्ही डिस्का दुखावल्यात. आणखी दोनचारदा असं झालं तर बाबांचा आवाज गेला समज. आणि बॅटरी वीस मिनिटंच टिकती, भारनियमन तीन तास. घरात तपासणी पुरी व्हायची न्हाय. लाईट अजिबात जाणार न्हाय अशा जागी न्या."

कबनुरात लाईट न जाणारी जागा कुठली. मी इकडं तिकडं नावं घेत ऱ्हायलो, सूतगिरणी, दवाखाना. वैनी म्हणली, "दूध."

माझ्या ध्यानात आलं. रस्त्याकडंला दूध गार करायचं सेंटर हाय. दूध नासू ने म्हणून तितं जनरेटर कायम तयार. मॅनेजर हंबीरराव माझ्या ओळखीचा, त्याचं कॅन मी टेम्पोतनं न्हेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमी गेलो. डबा वैनीच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरागत. बॅटरीचा खोका माझ्याकडं.

हंबीररावनं दुपटं उघडून बघितलं. "काय वो पावणं, ह्याचं फॅट काढायचंय काय?"

वैनी म्हणली, "ह्यात माझा मालक हाय. दिवसभर लाईट पायजे त्याला."

हंबीरराव हसला न्हाय मग. टेबलावरचं रजिस्टर बाजूला सारलं आणि म्हणला, "ठेवा. माझ्या खुर्चीत बसा."

डबा लावला. नारिंगी दिवा लुकलुकाय लागला. मी म्हणलो, "वैनी, आता घरला चला, लग्नाची कामं पडल्यात, संध्याकाळी येऊ."

"मी हलणार न्हाय. कुणी झाडाय आलं, बटणाला हात लागला तर?"

मग मी पण ऱ्हायलो. दूधवालं येत हुतं, कॅन ओतत हुतं, आणि खुर्चीत बसलेल्या वैनीकडं बघून जात हुतं. एक म्हातारा म्हणला, "नवीन मॅनेजर आली काय रं?" हंबीरराव लांबनं म्हणला, "व्हय, आता मापात पाणी घालशीला तर बघा."

नऊच्या सुमाराला लाईट गेली.

बॅटरीचा खोका पीं पीं कराय लागला. जनरेटर सुरू व्हायला आर्धं मिनिट लागतंय. आणि मी बघितलं, वैनीचा उजवा हात उठला. तिनं उठवला न्हाय, आपला आपण उठला, आणि बटणाकडं निघाला. पंधरा वर्षांची सवं. बोट बटणाला लागणार, एवढ्यात तिनं डाव्या हातानं उजवा हात धरला, खाली वढला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसली. डोळं मिटलेलं. कपाळाला घाम. मला म्हणली, "बयाबाई दिसती वो भावजी."

जनरेटर धडधडला. पीं पीं थांबलं. डबा घुर्र करत चालूच. दिवा नारिंगी, पर लुकलुकत हुता.

भारनियमनाची दोनदा आणि वरनं दोनदा, अशी त्या दिवशी चारदा लाईट गेली. चारी वेळा ती हातावर बसली. दुपारी मी भाकरी आणली तर म्हणली, डाव्या हातानं खातो, उजव्याला मोकळा सोडत न्हाय. चौथ्यांदा गेली तवा डोळं उघडं ठेवून बसली.

सांजचं साडेसातला मी बाहेर टेम्पो पुसत हुतो. आतनं तिची हाक आली, मोठ्यानं न्हाय, सादी हाक. "भावजी, या."

हिरवा. लुकलुकत न्हाय, गप लागलेला.

प्रसेनजीतला विचारून डबा त्याच्या स्वताच्या बटणानं नीट बंद केला आणि घरी न्हेला. दीक्षानं नंबर टाकला, पान उघडलं. अण्णासोचा आवाज खोलीत आला. दीक्षा रडली, मी रडलो. वैनी म्हणली, "आता पैलं ह्याच्या चार कॉप्या करा."

लगीन झालं. दोन मोठं स्पीकर लावलेलं. अण्णासो म्हणत गेला, मांडव पाठीमागनं म्हणत गेला, मुरगूडची माणसं पण. टेपमधी मधीच एका जागी तो थांबलेला, आणि खणखणीत म्हणलेला, "ए पाठीमागचं, गप बसा की जरा, लगीन चाललंय." दहा वर्षांपूर्वीच्या माणसांना म्हणलेला. पर आमच्या मांडवातली पाठीमागची पोरं पटकन गप झाली. मग हसाय लागली. वैनी पण हसली, पदर तोंडाला लावून. स्पीकरवाला टेपमधली ती जागा कापू का म्हणत हुता, वैनीनंच कापू दिली न्हवती.

पुढच्या वर्षी जानेवारीत तिला दम लागाय लागला. कारखान्यातल्या कापसाच्या रुईनं छाती भरलेली, अठ्ठावीस वर्षांची. एप्रिलात गेली.

डबा आता माझ्याकडं हाय. प्रसेनजीत म्हणतोय कॉप्या चार झाल्यात, तुमी कशाला सांभाळताय. मी म्हणलो, ऱ्हाऊ दे. ती टेप मी रोज लावतो. आदी मला अण्णासोच ऐकू यायचा. आता कळाय लागलंय, पाठीमागनं म्हणणाऱ्या बायकांत एक आवाज आर्धा शब्द पुढं असतोय. सगळ्यांच्या आदी म्हणून मोकळा. तो वैनीचा. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाय.

सांजचं लाईट जाती. खोका पीं पीं करतोय. तिच्या नादानं घरातली बटणं बंद करायची मला पण सवं लागलीया, माझा पण हात उठतोय. मी मांडीखाली घालून बसतो.