मरेल नही, झोपेल शे

बुडालेली गाडी नदीतून काढली की सायलेन्सरमधून जेवढं पाणी निघतं, त्याहून जास्त आमच्याकडे किस्से निघतात. एकानं सुरुवात केली की दुसरा म्हणतो, थांब, तुला नीट सांगता येत नाही! आम्ही तिघंच. मी असोद्याचा, जळगावात शाळामास्तर. महावीरचं जळगावात कापडाचं दुकान. घरी मारवाडी, गल्ल्यावर मराठी. आणि नाना, अनेर नदीकाठचे, धुळे जिल्ह्याच्या बाजूचे शेतकरी, साठी उलटलेले. शेताच्या वाटेत नाला आहे असं सांगून त्यांनी डर्ट बाइक घेतली आणि आम्हाला दर रविवारी नदीत गाड्या घालायची सवय लावली. आता काळजी एकच. नानांची गाडी राहते, की त्यांच्या बायको, आमच्या अक्का, ती विकून टाकतात? नाना नसले तर त्या नदीत आम्ही काय कपडे धुवायचे?

*

महावीरची गाडी पहिल्यांदा बुडाली तेव्हा हा भर पाण्यात उभा राहून सेल्फ मारत बसला. नाना काठावरून शिव्या देत धावले. इंजिनात पाणी गेलं की गाडी चालू करायची नसते. पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढायचा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं. नानांनी प्लग काढला आणि किक मारली. महावीर विहिरीत डोकावावं तसा प्लगच्या भोकात बघत होता. सगळी पिचकारी तोंडावर!

नाकातोंडातलं पाणी शिंकरत तो म्हणाला, "नाना, आता माझा पण प्लग काढा."

*

बुडालेल्या गाडीला नाना कधी 'बंद पडली' म्हणत नाहीत. एअर फिल्टरचा स्पंज भांडी पुसायच्या फडक्यासारखा पिळतात, टाकीवर हात ठेवतात आणि अहिराणीत म्हणतात, "मरेल नही, झोपेल शे." मेलेली नाही, झोपलीय. महावीरला हे वाक्य फार आवडलं. तिथंच घात झाला.

एकदा नाना फिल्टर पिळत होते आणि त्यांचा फोन वाजला. अक्कांचा. महावीरनं उचलला. नानांच्या छातीत स्टेंट टाकून तेव्हा थोडेच महिने झाले होते. अक्कांनी विचारलं, कसं काय चाललंय? यानं गाडीचं सांगितलं, तेही हौसेनं अहिराणीत: "पानीमा पडेल शे. आते झोपेल शे."

आता अहिराणीत 'झोपेल' म्हटलं की बाई, बुवा की गाडी, काही कळत नाही. त्यात रेंज गेली.

अक्का शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर उभ्यानं आल्या, अनवाणी. नाना आरामात कळण्याची भाकरी खात बसलेले. अक्कांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग खाली बसून रडल्या. मला महावीरचा असा राग आला म्हणता! पण त्याचेच डोळे भरले होते. उठताना अक्का एवढंच म्हणाल्या, यापुढे नाना ओले घरी आले तर गाडी विकायची.

*

मग नानांना कोरडं घरी पोचवणं हा आमचा उद्योग झाला. एकदा त्यांचा पांढरा सदरा काठच्या बागेतल्या केळीच्या पानांवर वाळत घातला. जोर लावून पिळलेला, कडक वाळलेला! आम्ही खूश. केळीचा चीक आमच्या डोक्यातच आला नाही. अक्कांचा जन्म केळीच्या बागेत गेलेला. त्यांनी पाठीवरचे काळपट डाग बघून विचारलं, आज पाठीनं केळी कापली का?

दुसऱ्या दिवशी गाडीसाठी सावद्याच्या एका गिऱ्हाइकाला निरोप गेला. पुढच्या सोमवारी येतो म्हणाला.

*

त्याच्या आदल्या रविवारी नाना आले, तर मागे अक्का बसलेल्या. विकण्याआधी एकदा बघू तर द्या, म्हणाल्या, ह्या नदीत आहे तरी काय. नाना म्हणाले, काठावरूनच बघ. अक्का उतरायला तयार नाहीत.

गाडी पाण्यात शिरली आणि मधोमध बंद पडली. नानांचा चेहरा पांढरा पडला. आम्ही धावलो, तर अक्कांनी हातानं थांबवलं. लुगडं खोचून खाली उतरल्या आणि मागून गाडी ढकलायला लागल्या. दोघं पलीकडच्या काठाला लागले.

नानांनी प्लग काढून दिला. अक्कांनी तो पदरात धरून पुसला, फुंकर मारली, परत पुसला. नाना किक मारत होते, दम खात होते. दम खाल्ला की अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. शेवटी इंजिन फुरफुरलं आणि लागलं.

नानांनी मान खाली घालूनच गाडी वळवली. म्हणाले, बस, आता पाण्यातून नको, पुलावरून घरी सोडतो.

अक्का मागे बसल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"पूलवरथीन कसाले? पानीमाईनच चाला."