टेबलावरची पट्टी

विस्कॉन्सिनमधल्या छोट्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या डोरीनचा विद्यापीठात संशोधनाचा हा सहावा उन्हाळा. "वेळेची सक्ती नाही मॅडम, सवडीने या, आपण भागीदार!" असं तिथले प्रमुख हॅल्व्हर्सन दरवर्षी म्हणायचे. त्यांच्या हाताखालची संशोधक पोरं सुट्टीवर उधळली की टाक्यांतल्या माशांना खायला घालायचं, ही ती भागीदारी. प्रयोगशाळेत ज्याच्या त्याच्या टेबलावर नावाची चिकटपट्टी असे. डोरीनच्या टेबलावर नुसतं 'पाहुणे'. यंदा तिचं डोकं फिरलं. तिने ती पट्टी नखाने खरवडली आणि आपलं नाव ठसठशीत लिहून चिकटवलं. आता हा बोलू दे, सगळंच उकरून काढते!

हॅल्व्हर्सन आले, पट्टी वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"डोरीन होय! बरं केलंत. इतक्या वर्षांनी नाव विचारायची लाज वाटत होती हो."