फ्लॅशगन भरली का?

कर्जतला बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि मला नको तिथं नाक खुपसायची खोड. लग्नात त्यांची फ्लॅशगन एकदा चमकली की पुन्हा भरायला वेळ घ्यायची. भरताना शिट्टी मारायची, टीऽऽ, आणि शिट्टी चढत चढत अगदी बारीक झाली की बाबा म्हणायचे, "भरली!" तिचा लाल दिवा केव्हाच गेला होता, सगळं काम कानावर चालायचं. एकदा ते "भरली का?" असं पुटपुटले, तर नवरीची मावशीच फणकारली, "भरली की कवाच! ओटी भरायची आमी इसरू काय?"

गनच्या आत वीज साठवणारे चार कपॅसिटर होते, दोन मोठे, दोन लहान. लहान आधी भरत असतील ना, म्हणून मी बाबांना भंडावून सोडायचे. "नाही गं, सगळे एकदमच भरतात," ते म्हणायचे. मला काही ते पटायचं नाही. एका नळाखाली हंडा आणि तांब्या एकदम कसे भरतील?

आता मी खालापूरच्या एका कारखान्यात सर्किटं दुरुस्त करते. तिथं कळलं, ते चारही कपॅसिटर समांतर जोडलेले, म्हणजे बुडाशी नळीनं जोडलेली भांडी. पाणी सगळ्यांत सारखंच चढतं, मोठ्यात फक्त जास्त मावतं.

मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला. परवा बाबांनी गन माझ्यापुढं ठेवली. "चालली तर तुझा एक फोटो काढतो. नाहीतर जाऊ दे भंगारात." म्हणाले खरं, पण हात तिच्यावरून फिरत होता. माझा जीव वरखाली झाला.

वाळलेले कपॅसिटर बदलले. माहीत असूनही मीटर लावून बघितलंच. चौघांवर व्होल्टचा आकडा एकसारखा चढत होता! काय मजा वाटली म्हणून सांगू. टीऽऽ, खोलीभर शिट्टी.

"गेली गं ती," बाबा म्हणाले. "शिट्टीच येत नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"वाजतेय?"

मी मान डोलावली. बाबांनी कॅमेरा उचलला.

"मग तू सांग."

शिट्टी बारीक होईपर्यंत मी थांबले आणि ओरडले, "भरली, बाबा!"

"कुणाची गं?" आतून आईनं विचारलं.

तेवढ्यात बाबांनी बटण दाबलं. त्या फोटोत मी हसतेय आणि रडतेय, दोन्ही एकदमच.