माश्याहो, घरात सांगजा

आमच्या भासऱ्यांइतका बोलका माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात झाला नसेल, आणि या माणसाने मला उद्देशून जन्मात एक अक्षर काढलं नाही. भासरे म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोने त्यांच्यापुढे पदर ओढायचा, बोलायचं तर नावच नाही, ही आमच्याकडची रीत. सत्तावन्न साली मी बोरी अरबला नांदायला आले, तेव्हा यजमान सकाळी कापसाच्या जिनात जात ते दिवेलागणीला परतत. शेत बटईने दिलेलं, भासरे बिनलग्नाचे. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच, आणि निरोप न्यायला तिसरं कोणी नाही. ही अडचण त्यांनी मधमाश्यांकडून सोडवून घेतली.

कुठल्याशा सरकारी शिबिरातून त्यांनी मधमाश्यांची पेटी आणली होती. अंगणात कडुनिंबाखाली ती उभी असे, मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. भासरे तिच्यासमोर पाट टाकून बसत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "माश्याहो, घरात सांगजा, आज वरनात मीठ नाही." मी दाराआडून म्हणायची, "माश्याहो, तिकडं सांगजा, मीठ आहे. तंबाखूनं जिभीले चव नाही राह्यली." जरा वेळ नुसती गुणगुण चाले. मग उत्तर येई, "सांगजा, हेही खरं आहे."

माश्यांपुढे त्यांना माणसं दिसतच नसत. पावसाळ्यात फुलं नसतात, म्हणून घरातली सगळी साखर पाक होऊन पेटीत जाई आणि आम्ही गुळाचा चहा पीत असू. पळस सरून कडुनिंब फुलला की चैत्रात मध काढायचा सोहळा. माझ्या रुखवतातली मच्छरदाणी डोक्यावरून घेऊन, गोवरीचा धूर करत भासरे पेटी उघडत. धुराने स्वतःच खोकून बेजार होत, माश्या मात्र ठणठणीत. एवढं करून दोन चौकटींचा मध घेत, बाकीचा त्यांच्यासाठी ठेवत. चावली तर म्हणत, "नवी आहे, ओळख नाही." एका वर्षी त्यांचं तोंड इतकं सुजलं, की यजमानांनी सख्ख्या भावाला नुसतं धोतरावरून ओळखलं.

एकदा वैशाखात, भर दुपारी, पेटी तापली आणि सगळं मोहोळ भणाणत बाहेर पडून निंबाच्या फांदीला लटकलं. माश्या अशा घडीभर थांबतात, तेवढ्यात धरल्या तर आपल्या, नाहीतर गेल्या अडाण नदीच्या पल्याड, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. भासरे ओसरीवर घोरत होते. आता सांगू कोणाकरवी? निरोपेच पळून चालले होते. मी ताटावर पळी बडवली. भासऱ्यांनी कूस बदलली. माश्या गेल्या तर हा माणूस खचेल, आणि या घरात मला भिंतींशी बोलावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "अहो भाऊजी, उठा," मी ओरडले. "माश्या चालल्या."

सुटलेलं धोतर धरून ते निंबावर चढले, फांदी झटकून मोहोळ टोपलीत घेतलं, राणी पेटीत सोडली. तिच्यामागून बाकीच्या मुकाट्याने आत गेल्या. पेटीवर मी ओलं पोतं टाकलं. भासऱ्यांच्या नाकाचं भरताचं वांगं झालं होतं. मला वाटलं, चला, रीत मोडली, आता तरी बोलतील. संध्याकाळी ताट घेऊन ते पेटीजवळ बसले. "माश्याहो, घरात सांगजा, तुमचं घर वाचलं. अन् आवाज चांगला आहे, पण साऱ्या गावाले काहून ऐकवून राह्यले?"

पुढे एका उन्हाळ्यात आम्ही सगळे पुसदला लग्नाला गेलतो. परत आलो तर पेटी रिकामी. फांदीवरही काही नाही. भासरे काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढ्यात येईल ते खात आणि ओसरीवर पडून राहत. असलं मुकं घर मला सोसेना. शेवटी एक दिवस मी वरणात मीठच घातलं नाही. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि सगळं ताट संपवलं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

हात धुऊन ते अंगणात गेले. पाट टाकून रिकाम्या पेटीसमोर बसले.

"माश्याहो, घरात सांगजा, वरनात मीठ नाही."

मी दाराआडून डोळे पुसत म्हटलं, "माश्याहो, तिकडं सांगजा, मुद्दामच नाही टाकलं."

गुणगुण नव्हती, तरी ते तेवढा वेळ थांबले. मग म्हणाले, "सांगजा, ठाऊक आहे मले."