तिनाच्या घरांची मोजणी

जून १९८८, शाळा उघडायच्या आदला दिवस. मी वेळापत्रक आखत होते. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "नववीचं गणित बाईंकडून काढा. त्यांना पाचवीची चित्रकला द्या."

बाई म्हणजे आमच्या जळगावच्या मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, मूळच्या अमळनेरच्या. आता त्या नाहीत. शिकवताना उजव्या हाताची तीन बोटं उभी करायच्या, झटकन मिटायच्या आणि डाव्या हाताचं एक वर करायच्या. "तीन भरले की हे घर रिकामं, शेजारी एक." मग सगळ्यांना समजलं का, हे अहिराणीत विचारायच्या, "बठ्ठासले समजनं का?"

पुस्तक संपल्यावरच ज्यांना खरा कंठ फुटतो, असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. वर्षाचे धडे वेळेत उरकून बाई तिनाची मोजणी काढायच्या. तिथे अंक तीनच: शून्य, एक, दोन. उजवीकडून पहिलं घर एकाचं, मग तिनाचं, मग नवाचं. फळ्यावर १२० लिहायच्या. कुणी एकशेवीस म्हटलं की डस्टर आपटायच्या. "नवाचा एक, तिनाचे दोन, शेवटी काही नाही. नऊ नि सहा, पंधरा!"

त्याच वर्षी मार्चमध्ये एक मुलगी घरी जाऊन कापडदुकानदार वडिलांना म्हणाली, "दोन आणि एक दहा." वडील तडक शाळेत.

"बाई, असा हिशोब गल्ल्यावर चालला तर दिवाळं निघेल!"

"दहा नाही हो भाऊ, एक-शून्य. तिनाचा एक, पुढे काही नाही. म्हणजे तीनच."

"मग सरळ तीन म्हणा ना!"

बाई खळखळून हसल्या. तेच नडलं. तक्रार वर गेली.

"अभ्यासक्रमात नाही हे," मुख्याध्यापक म्हणाले.

"नसेना. बोटं दहा, म्हणून कुणीतरी दहा ठरवले. ठरवलेलं बदलून बघता येतं, हे पोरींना एकदा कळू द्या."

"माफी मागा, विषय संपवू."

"चूक दाखवा, मागते."

चूक कुणालाच दाखवता आली नाही. गणित मात्र गेलं, तेही निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं असताना.

वेळापत्रक आखायच्या त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. बाई मेथी निवडत होत्या. ऐकूनही निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चित्रकला? अगं, माझा आंबा नि माझं वांगं सारखंच दिसतं." आणि लगेच, "चालेल. पाचवीच्या पोरींना तीनच रंग देईन. पांढरा शून्य, लाल एक, निळा दोन. बघू कोण अडवतं."

बोलताना आवाज चढलेला होता, पण मेथीची पानं सोडून काड्याच ताटात पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नववीच्या गणितापुढे बाईंचंच नाव लिहिलं, वेळापत्रक सूचनाफलकात लावलं, काचेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून माझ्या तासाला गेले.